चोचीची सुरी

सानगडीत आमच्या संस्थेच्या कचेरीसमोर खुशाल लोहाराची भट्टी आहे. सकाळी कुलूप उघडतानाच ऐरणीचा आवाज येतो. खुशालची लहान हातोडी आणि त्याची बायको रुखमा हिचा घण. हातोडी जिथे टेकेल तिथे घण पडायचा. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचा. लग्न झाल्यापासून दोघांचे असेच चाललेले. रुखमाइतका नेमका घण आसपास कुणाचा नाही, असे खुशाल स्वतःच सांगे. वर म्हणे, "पण तो माह्याच हातोडीचं आयकते."

मागच्या उन्हाळ्यात त्याचा खांदा धरला. डॉक्टरने घाव घालायला मनाई केली, म्हणून चिखल्याहून त्याचा चुलत भाऊ प्रविण मदतीला आला. त्याच आठवड्यात नागपूरचा एक हौशी माणूस मोबाइलवर चित्र दाखवून सुरी करायला सांगून गेला. जंगलात तंबू ठोकून राहायची त्याला आवड. सुरीची पाठ सरळ, पण टोकाजवळ ती आत वळून खाली उतरलेली, पक्ष्याच्या चोचीसारखी. तो त्याला क्लिप पॉइंट म्हणत होता.

खुशालने विळे आणि कुऱ्हाडी जन्मभर केल्या, असे टोक कधी केले नव्हते. प्रविण म्हणाला, मी करतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे लोखंड त्याने भट्टीत घातले आणि समोर रुखमा घण घेऊन उभी राहिली. खुशाल आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"आयकून राहिले का साहेब?"

"काय?"

"घण. एकबी चुकून नाही राहिला."

"मग बरंच आहे की."

"बरं कायचं? कालच तं आला तो!"

पाते मऊ होते तोवरच प्रविणने अर्धगोल कानशीने पाठीचा बाक काढला आणि मग तापवून, बुडवून त्याला पाणी दिले, म्हणजे कडक केले. रुखमाने सुरी हातात घेऊन पाहिली. "भाऊजी, टोक तं सुईवानी काढलं! हात लय हलका आहे तुमचा."

"हलकाच राहीन," खुशाल पुटपुटला. "मेहनत कुठं केली त्या हातानं?"

दुसऱ्या दिवशी प्रविण कोळसा आणायला साकोलीला गेला. रुखमा शेजारच्या बेबीबाईकडे होती. समोर धार लावायचे विजेचे चाक फिरू लागले म्हणून मी गेलो. खुशालने स्वतःची एक तयार सुरी, पाणी दिलेली, चाकाला लावली होती.

"अरे, डॉक्टरनं..."

"घाव मना केले. चाक नाही."

त्याला प्रविणपेक्षा खोल बाक हवा होता. बाक आलाही, आणि सुंदर आला. तिथे थांबायचे, तर त्याने आणखी दाबले. एरवी चाकाला लावले की लगेच पाण्यात बुडवणारा हा माणूस. बादली पायाशी होती, पण तिच्याकडे त्याने पाहिलेच नाही. टोक पिवळे झाले आणि बघता बघता निळे पडले. निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले, हे लोहाराच्या पोराला चालायच्या आधी कळते.

तेवढ्यात रुखमा आली. तिने पाते पाहिले.

"उतरवलं न पाणी? कोनाशी चढाओढ लावली?"

खुशाल खाली बघत म्हणाला, "त्याच्यासंग तुहा घण चुकत नाही."

"चुकन कसा? त्यायच्या हातोडीवरून डोळा हालवत नाही मी. मान धरली माही! तुमच्यासंग बेबीबाईशी गप्पा मारत घण मारते. कधी चुकला?"

खुशालचा चेहरा सैल झाला. पण त्याला राहवेना. "अन् टोक? टोक कोनाचं चांगलं?"

"त्यायचं," ती लगेच म्हणाली. "तुमचं निळं आहे."

खांदा बरा झाला, प्रविण चिखल्याला परत गेला. खुशालने ते निळे टोक तोडले आणि क्षणोक्षणी पाण्यात बुडवत नवी चोच काढली. ती सुरी रुखमाच्या स्वयंपाकघरात असते. परवा मी चहाला गेलो, तेव्हा रुखमा त्याच सुरीने वांगी चिरत होती. नागपूरकर प्रविणच्या सुरीवर खूश आहे, असे मी सहज बोलून गेलो.

"असन," खुशाल म्हणाला. "त्याची गेली नागपूरले. माही घरात आहे."

आतून रुखमाचा आवाज आला, "घरात आहे, पण आखूड आहे!"