धुतलेला खिमा

रेडिएशनला आमच्या घोडपदेवात लाईट म्हणतात. बाबांच्या घशाला लाईट देऊन झाली आणि त्यांच्या तोंडातली लाळच आटली. कोरडा घास गळ्याखाली उतरेना. वजन दर खेपेला घटत होतं. मंगळवारच्या तपासणीत आणखी घटलं तर नाकातून नळी घालू, असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते इंग्रजीत बोलले. कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मी, म्हणून बाबांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मी काही लपवलं नाही.

“नळी नको,” बाबा म्हणाले. “तसा जगूचा नाय माका.”

पेज, मऊ भात, सगळं ते सरकवून देत. आजाऱ्याचं जेवण म्हणत. त्यांना मटण हवं होतं. तिखट जिभेला सोसत नव्हतं आणि हृदयात स्टेंट, म्हणून चरबी बंद. मालवणी घरात असलं मटण करायचं कसं? मी बर्गर ठरवला. हसू नका. मसाला नसूनही अपमान वाटणार नाही, असं मटण मला तेवढंच सुचलं. रेघांचा ग्रिल तवा घेऊन आलो.

शुक्रवारी बिनचरबीचा खिमा आणला. मी कांदा किसेपर्यंत आईने तो चाळणीत घालून नळाखाली धरला, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला आणि मुठीत घट्ट पिळला. वर तव्यावर टिक्की उलथन्याने दाबत राहिली, आतून कच्ची राहू नये म्हणून. बाबांनी घास घेतला. चावत राहिले. मग मान खाली घालून तो हातात काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

मी आईवर ओरडलो. चरबी आधीच नाही, होता नव्हता तो रसही तू मोरीत सोडलास, म्हणालो. ती कसली ऐकते.

“धुवल्याबिगर मटाण रांधूचा नाय माज्या घरात. तुजा कॉलेज हापिसात दाखव.”

रविवारी मी खिमा आणलाच नाही. मांडीचा अख्खा तुकडा आणला. आईने तो हवा तितका धुतला. मी पुसून कोरडा केला आणि सुऱ्याने बारीक करत बसलो. पाव भिजवायला दूध घेतलं, तर आई म्हणाली, मटणात दूध पडलं की अंगावर कोड उठतं. हे खरं नाही, पण आणखी एक भांडण परवडणारं नव्हतं. मांडीचं हाड उकळून काढलेलं अळणी पाणी होतं. त्यावरची चरबी काढून त्यातच पावाचा गाभा भिजवला, किसलेल्या कांद्यासोबत खिम्यात मिसळला. मीठ शेवटी. टिक्की पातळ थापली, कारण बाबांचं तोंड दोन बोटंच उघडायचं. तवा चांगला तापवला. उलथनं मी हातातून सोडलं नाही आणि टिक्की एकदाच उलटली. आई शेजारून कच्ची राहील म्हणत होती. एक मोडून दाखवली. आत लाल नव्हती, ओली होती.

बाबा बसले. आई मोरीकडे तोंड करून भांडी घासत होती, पण नळ बंद होता. घास चावून बाबांनी डोळे मिटले. गळ्यातला कंठमणी वर गेला आणि अडला. मी पाण्याचा पेला उचलला. त्यांनी हातानेच थांबवलं. मग कंठमणी खाली आला. अर्धा बर्गर संपायला खूप वेळ लागला.

सोमवारी आमच्याकडे मटण शिजत नाही. त्या सोमवारी आईनेच फ्रीजमधून टिक्की काढली, अळणी पाणी शिंपडून गरम केली. त्याआधी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

मंगळवारी काट्यावर चढताना बाबांनी चपला पायातच ठेवल्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं. सिस्टरने काढायला लावल्या. आकडा थांबेपर्यंत मी भिंतीकडे बघत होतो. वजन घटलं नव्हतं. वाढलंही नव्हतं. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. नळीचं तेव्हा बघू, म्हणाले.

बाहेर आल्यावर बाबा बसस्टॉपच्या उलट दिशेला चालू लागले. मी विचारलं, कुठे निघालात.

“खाटकाकडे,” ते म्हणाले. “उद्याची मांडी सांगून ठेवया.”