सिद्धाराम आचाऱ्याची जीभ

दिंद्रुडच्या चार कोसांत कुणाचंही लग्न निघालं की हॉलच्या आधी सिद्धाराम आचाऱ्याची तारीख विचारली जायची. कारण त्याची आमटी. हजार माणसांचं आधण असलं तरी मीठ तो मापानं घालत नसे. मूठ भरून टाकायचा, पळीनं ढवळायचा आणि एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायचा. मग मान हलायची. ती मान हलली की भट्टीवरची सगळी माणसं निर्धास्त व्हायची.

चाळीस वर्षं असंच चाललं. दिवसभर चव घेतच पोट भरायचं. घरी गेल्यावर ज्वारीची भाकरी, कच्ची मिरची मिठात बुडवून, आणि बायकोच्या, बसम्माच्या, हातचं कैरीचं लोणचं. त्याला वेगळं जेवण असं कधी लागलंच नाही.

गेल्या माघात एका लग्नात भाताचं पाणी काढताना त्याला गरगरलं. बिभीषणनं, त्याच्या जुन्या जोडीदारानं, त्याला धरून सावलीत बसवलं. माजलगावच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला. वर एकशे नव्वद, खाली एकशे दहा. पट्टा सोडून त्यांनी दोनदा पुन्हा बांधून पाहिला.

"काका, किती दिवसांपासून आहे हे?"

"मला कुठं काय होत होतं? आज जराशी चक्कर आली, एवढंच."

"याचं असंच असतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही." त्यांनी रोजची गोळी लिहून दिली. तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालणं, दहा मिनिटं शांत बसून सावकाश श्वास. आणि दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून मीठ एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ तर नाहीच.

सिद्धाराम हसला. "बाई, मी आचारी हाय."

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या.

घरी बसम्मानं लोणच्याची बरणी फळीवर सगळ्यात वर नेऊन ठेवली. दोघांसाठी दोन कालवणं कोण करणार, म्हणून तीही तेच अळणी खाऊ लागली. पहिले पंधरा दिवस सिद्धारामला घास म्हणजे ओली माती वाटायची. ताटात बोट फिरवत तो बसून राहायचा. डोळ्यांसमोर लोणच्याची फोड यायची, तिच्यावरचं तेल, मोहरीचा झणका. तोंडाला पाणी सुटायचं आणि तो गिळून टाकायचा.

"एक फोड दे की," तो म्हणायचा.

"डॉक्टरीणबाईंना विचारून देते," बसम्मा म्हणायची, आणि उठून जायची. तिला बघवायचं नाही.

सकाळी तो माळाच्या वाटेनं चालायला लागला. श्वासाचं मात्र जमेना. गप्प बसलं की भट्टी आठवायची. एक दिवस बसम्मा म्हणाली, "लहानपणापासून गळ्यात लिंग हाय. दोन मिनिटांत पूजा उरकून पळता. जरा बसा त्याच्यासमोर." मग तो डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून बसू लागला. नजर त्यावर, श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर. आठवड्याभरात त्याला ती दहा मिनिटं हवीहवीशी वाटायला लागली.

मध्ये एकदा घसरण झाली. बिभीषण लसणाच्या पाकळ्या घेऊन आला. "माझ्या मेहुण्यानं उपाशीपोटी लसूण खाल्ला बे, गोळी सुटली त्याची." सिद्धारामनं आठ दिवस गोळी बंद ठेवली. तपासायला गेला तर आकडा पुन्हा एकशे सत्तर. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "लसूण जेवणात खा, चांगला आहे. पण गोळीच्या जागी नको. आणि गोळी बंद करायची तर मला विचारून." त्यानंतर त्यानं गोळी चुकवली नाही.

तीन महिन्यांनी आकडा एकशे चौतीसवर आला. बसम्मानं देवापुढं साखर ठेवली.

त्यानंतरचं पहिलं मोठं काम पालीला होतं, विठ्ठलरावांच्या नातीचं लग्न. सिद्धारामनं आधण चढवलं. मूठ भरली, ढवळलं, थेंब जिभेला लावला. ठीक वाटलं. उलट किंचित जास्तच वाटलं, म्हणून त्यानं पुढची मूठ टाकली नाही. मान हलवली.

पंगत बसली. तो वाढप्यांच्या मागं उभा होता. पहिला घास झाला आणि लोकांचे हात पानाच्या कडेच्या मिठाकडे वळले. आधी एक, मग दहा, मग सगळी ओळ. विठ्ठलराव जुन्या ओळखीचे, ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "सिद्धारामअप्पा, आज मीठ विसरलात का हो?"

सिद्धाराम भट्टीकडे गेला. "बिभीषण, चाखून बघ."

बिभीषणनं चाखलं आणि खाली बघितलं. "अळणी हाय."

"मला तर बरोबर लागती."

"न्हाई रे. लई अळणी हाय."

दोन मुठी मीठ पडलं, दुसरी पंगत निभावली. पण चाळीस वर्षांची जीभ तीन महिन्यांत कुणी तरी बदलून नेली होती, आणि त्याला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसम्मा शेजारी गेली असताना त्यानं फळीवरची बरणी उतरवली. भाकरीवर दोन फोडी घेतल्या. इतके दिवस जिची आस लागली होती ती फोड त्यानं तोंडात टाकली, आणि नुसतं मीठ लागलं. खारट, कडवट, जिभेला चरे पाडणारं. मोहरी नाही, कैरी नाही. त्यानं फोड हातात काढली.

बसम्मा दारात उभी होती. तिनं बरणी बघितली, त्याचा चेहरा बघितला.

"सापडत न्हाई गं ते," तो म्हणाला. "लोणचं तेच हाय. मीच तो न्हाई."

ती जवळ बसली. तिनं त्याच ताटातली उरलेली फोड चाखली आणि तोंड वाकडं केलं. "मलाबी खारट लागलं," ती म्हणाली. तेव्हा दोघंही थोडं हसले.

काम सोडावं असं त्याच्या मनात आलं. दोन तारखा त्यानं नाकारल्याही. शेवटी बिभीषण घरी येऊन बसला. "तू उभा राहा, मी चाखतो. काहून डोकं लावतो उगीच?"

आता तसंच चालतं. फोडणी सिद्धारामची, आमसूल-गूळ सिद्धारामच्या अंदाजानं, शेवटचा थेंब बिभीषणच्या तळहातावर. लोक म्हणतात आमटी तीच आहे. बीपी एकशे तीसच्या आसपास असतं, डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली आहे. माळावर चालताना दम लागत नाही.

मात्र परवा, पंगती उठल्यावर दोघं पातेल्याजवळ बसले होते. बिभीषण वाटीत आमटी घेऊन भुरके मारत होता. सिद्धाराम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"कशी लागती बे? नीट सांग."

बिभीषणला असं सांगता येत नाही. त्यानं अजून एक भुरका मारला. "आधी आंबट येतं," तो म्हणाला, "मग गूळ. मग मीठ सगळ्याला धरून ठेवतं."

"अजून सांग," सिद्धाराम म्हणाला.