हो ही कुठली बाजू?

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिलाईचं दुकान होतं, त्या मास्तरांना सगळे होमास्तर म्हणत. नाही हा शब्द त्यांना येत नव्हता असं नाही. पण तो ओठांवर आला की कुणाच्या तरी पुढ्यातलं ताट ओढल्यासारखं त्यांना वाटे. "परवा मिळेल ना?" गिऱ्हाईक विचारी. "हो." परवा गिऱ्हाईक येई, तेव्हा मास्तर कापड बेतत असत. मुलगी पसंत आहे का, यालाही ते हो म्हणाले होते; ते मनापासून की सवयीने, याचा छडा बायकोला अजून लागला नव्हता.

अशा माणसाच्या डाव्या जांघेत हर्निया निघाला. इस्पितळाच्या खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, उजवी बाजू ना? मास्तर हो म्हणाले. माणूस कामात आहे, त्याला कशाला खाडाखोड करायला लावा! तिथून ती उजवी बाजू कागदोकागदी पुढे सरकत गेली आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला मास्तरांनी तितक्याच आदबीने हो म्हटलं. तपासणारे डॉक्टर रजेवर गेले होते, कापणारे दुसरेच होते. पण डॉक्टर म्हणजे शिकलेली माणसं. एका बाजूला नाही सापडला तर शेजारी बघतीलच, अशी मास्तरांची समजूत. आत नेताना बायकोने बजावलं, की निदान तिथे तरी हो हो करू नका. मास्तर हो म्हणाले.

थिएटरमध्ये सिस्टर हातात ऑपरेशनआधी विचारायच्या प्रश्नांची यादी घेऊन उभ्या होत्या. ही यादी वाचल्याशिवाय त्या घरचं कलिंगडसुद्धा कापत नाहीत, असं सर्जन त्यांच्या माघारी म्हणत. मास्तर आडवे झाल्यावर हर्निया आत गेलेला, त्यामुळे वरून दोन्ही बाजू सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. सिस्टरनी नाव विचारलं, ते बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कोणत्या बाजूला आहे?"

"हो," मास्तर म्हणाले.

"हो ही कुठली बाजू?"

"तुम्ही म्हणाल ती."

"मी काहीच म्हणणार नाही. पोट तुमचं आहे."

कागदावर उजवी आहे, सुरू करू या, असं सर्जन मास्कमागून म्हणाले. पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ट्रेमधलं हत्यार हलणार नाही, असं सिस्टरनी शांतपणे सांगितलं. मास्तरांना सर्जनची दया आली. एवढा मोठा माणूस, हातमोजे घालून तयार, त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? पण मग त्यांना पूर्वी शिवलेला एक कोट आठवला. गिऱ्हाइकाच्या हो ला हो करता करता त्यांनी त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या होत्या. तेव्हा कापड नवं आणता आलं होतं.

"काका, उजवीच ना?" सर्जननी विचारलं.

"नाही."

इतक्या हळू, की सिस्टरनी ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी बरंच सोपं गेलं. "नाही. डावी."

सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधून आणला. डावी. सर्जननी हातमोजे उतरवले, स्वतः पेन घेऊन डाव्या बाजूला बाण काढला आणि यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली. मास्तरांनी मान उचलून बाण पाहिला आणि रेघ जरा तिरकी आलीये, असं सांगितलं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

बरे होऊन मास्तर मशीनवर बसले, तोच जुनं गिऱ्हाईक पँटचं कापड घेऊन आलं. "परवा मिळेल ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

गिऱ्हाईक मटकन स्टुलावर बसलं. "असं करू नका हो मास्तर. तुम्ही हो म्हणालात की आठवड्याने यायचं, हे मला पाठ आहे. आता नाही म्हणालात, तर मी येऊ कधी?"