बंधुराजांचं पोर्टिंग

आमचे बंधुराज पोर्टिंग करतात. म्हणजे काय, ते त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की आता मीही चार लोकांत अक्कल पाजळू शकते. हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर असतो, नुसता बोर्डच. त्याला स्क्रीन जोडायची. त्या स्क्रीनशी कसं बोलायचं हे बोर्डाला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कंपनी तो एका बोर्डासाठी लिहून मोकळी होते. मग तोच दुसऱ्या बोर्डावर चालावा म्हणून आमचा धाकटा तहानभूक विसरून बसतो. स्वतःच्या लग्नासाठीही त्याने एवढे कष्ट घेतले नव्हते; ते मी जमवलं.

आईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा या कर्तबगार मुलाने तिला भेटायला येण्याऐवजी तिच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर ई-पेपरची स्क्रीन लावून दिली. दिसायला अगदी छापील कागद. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून टाइप करायचं, इकडे आईने वाचायचं. उलट उत्तर द्यायची सोय नाही. "तिला काय सांगायचं असतं?" म्हणे. खरंच, आईला काय सांगायचं असणार!

एक दिवस मागचा बोर्ड जळाला. पण ई-पेपरची गंमत अशी, की वीज गेली तरी शेवटचा मजकूर जात नाही. आणि शेवटचा मजकूर होता, 'रविवारी येतो.' झालं. आई दर रविवारी ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत. मी पाटीवर लिहून दाखवलं, 'अगं, ते जुनं आहे.'

"मग त्याने पुसलं का नाही?" ती म्हणाली. कपाळ माझं!

जुन्या जातीचा बोर्ड आता बाजारात मिळेना. बंधुराजांनी दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड कुरिअरने पाठवला. बसने स्वतः आले असते तर कुरिअरच्या आधी पोचले असते, पण ते असो. वायरी मी जोडल्या, तो नेटवरून बोर्डात शिरला आणि पोर्टिंग सुरू झालं. मी फोनवर.

"ताई, काय दिसतंय?"

"रविवारी येतो."

"ते सोड गं. लुकलुकलं का?"

"नाही."

आठवडाभर भावाबहिणीचा हा जिव्हाळ्याचा संवाद चालला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "शनिवारपर्यंत नाही जमलं, तर रविवारी मीच येतो."

मी ते पाटीवर लिहिलं. तेव्हापासून आई माझ्या मागेच लागली. "नाही ना गं जमलं अजून?" मी नाही म्हणून मान हलवली की तिचा चेहरा खुलायचा. पोटच्या पोराचं काम फसावं म्हणून इतकी आस लावून बसलेली आई मी दुसरी पाहिली नाही. मला त्याचा असा राग यायचा की काय सांगू.

शनिवारी त्याला चूक सापडली. आपण कामात आहोत की मोकळे, हे स्क्रीन एका वायरीवरून बोर्डाला कळवत असते. नव्या बोर्डासाठी लिहिताना या हुशाराने त्या सिग्नलचा अर्थ उलटा करून ठेवला होता. त्यामुळे स्क्रीन मोकळीच बसलेली, आणि बोर्ड तिचं काम संपायची वाट बघत ताटकळलेला.

"आता बघ हं, ताई."

स्क्रीन काळी झाली, पांढरी झाली, पुन्हा काळी झाली. आई खुर्चीत पुढे सरकली. हळूहळू अक्षरं उमटली.

'आई, जमलं एकदाचं! आता यायची गरज नाही.'

आईने वाचलं. पुन्हा वाचलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, भिंतीपाशी गेली आणि प्लग उपटून काढला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, कनेक्शन तुटलं," फोनमधून आवाज आला. "काय दिसतंय?"

अक्षरं जागच्या जागी होती, चांगली ठसठशीत.

"काही नाही रे," मी म्हटलं. "जळका वास येतोय. तुलाच यावं लागेल."