भजनातला ग्राइंडर

आधी कॉफी संपवा. हो, संपवाच. मी जो पराक्रम सांगणार आहे तो ऐकताना हातात कॉफीचा भरलेला लोटा असला तर सोफ्यावर सांडतो. मागच्या वेळी आमच्या साडूंनी सांडला होता, आणि कव्हर मला धुवावं लागलं.

तर आमचा हॉल तुम्हाला माहीत आहे? नाही? बसवनगुडीत, देवळामागच्या गल्लीत, आमच्या मराठी मंडळाचा हॉल. चार भिंती, एक स्टेज आणि वर पत्रा. बंगळूर थंड हवेचं गाव आहे असं ज्याने कुणी म्हटलं, त्याने एप्रिलमध्ये भर दुपारी त्या पत्र्याखाली नुसतं बसून दाखवावं!

मी त्या मंडळाचा सेक्रेटरी. कसा झालो? सभेला उशिरा पोचलो. आमच्यात उशिरा येणाऱ्याला सेक्रेटरी करतात.

पण हॉलमध्ये मला श्रीधरराव कुणी म्हणत नाही. मला म्हणतात स्विचण्णा. का, तर मला दिवा उगाच जळताना बघवत नाही. पंखा उगाच फिरताना तर त्याहून बघवत नाही. एका पंख्याखाली आठ बायका सहज मावत असताना चार पंखे कशाला, सांगा बरं? मी तीन बंद करायचो. अख्खं भजनी मंडळ एका पंख्याखाली चिकटून बसायचं. सगळ्या बटणांच्या वर मी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'गरज नसल्यास बंद करावे.'

आणि संडासाच्या दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला. जाता येता दिवा चालू दिसला की माझा हात आपोआप जायचा. आतून आवाज यायचा, "अरे, कोण आहे रे तो मेला?" बहुतेक वेळा तो आवाज गोदाक्कांचा असायचा.

गोदाक्का म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. वय विचारायची कुणाची हिंमत नाही. माझी आई गेल्यावर मला 'अरे श्रीधरा' म्हणणारं हे एवढंच माणूस उरलंय, त्यामुळे त्यांच्या शिव्याही मला गोडच लागतात.

गेल्या रामनवमीला काय झालं, पाळणा म्हणता म्हणता गोदाक्कांना भोवळ आली. पत्रा तापलेला, बायका घामाने निथळताहेत. त्यांना बाहेर बाकावर बसवलं, रामनवमीचं गुळाचं पानक पाजलं. जरा हुशारी आल्यावर त्या म्हणाल्या, "श्रीधरा, पुढची रामनवमी आम्ही पलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये करणार. तिथं गारवा आहे. तुझा पत्रा तुला लखलाभ."

शनिवारचं भजन आणि पाच दिवसांचा गणपती, एवढंच तर चालतं आमच्या हॉलमध्ये. भजन गेलं की उरलं काय? कुलूप! आणि त्या कुलपाचा सेक्रेटरी मी!

तेवढ्यात आमच्या हिच्या भाच्याने बातमी आणली. हेब्बाळच्या एका कंपनीची म्हणे संस्था आहे. जुन्या समाजमंदिरांना, छोट्या हॉलना वीज वाचवायच्या सुधारणा करायला पैसे देते. छतावर ऊन परतवणारा रंग, आतून उष्णता अडवणारं छत, कमी वीज खाणारे पंखे, नवे दिवे. मी लगेच फोन लावला. काव्या नावाच्या मॅडम होत्या. अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड असं आमचं बोलणं झालं.

"सर, महिन्याचं वीजबिल किती येतं?"

मी छाती फुगवून आकडा सांगितला. पलीकडे शांतता.

"सर... हॉल उघडता ना तुम्ही?"

"म्हणजे काय मॅडम! दर आठवड्याला!"

मग त्या म्हणाल्या, "सरी सर, ठीक आहे, मी पुढच्या महिन्यात बघायला येते. हॉल जसा आहे तसाच ठेवा. काही बदलू नका."

हे शेवटचं वाक्य मी कानाने ऐकलं, पण डोक्यापर्यंत पोचू दिलं नाही. डोक्यात ती शांतताच घुमत होती. मी विचार केला, ही माणसं वीज वाचवायला पैसे देणार. वाचवायला आधी उधळायला नको? डॉक्टर बारीक व्हायचं औषध जाड माणसालाच देणार ना? आमचा हॉल तर काडीपैलवान! माझ्या काटकसरीनेच माझा घात केला होता.

"बिल वाढवायला पाहिजे," मी बायकोला म्हटलं.

"अहो, त्यांनी तसंच ठेवा सांगितलंय ना?"

"सुमन, तुला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. नवऱ्याने हे वाक्य उच्चारलं की पुढे त्याचं काय होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी मी हॉलमध्ये गेलो आणि चारही पंखे लावले. बायका टाळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळे दिवे लावले. स्टेजवरचेसुद्धा. एकीने सुमनला हळूच विचारलं, "बरं आहे ना यांचं?" गोदाक्कांनी तर जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण पंख्यांनी बिल वाढून वाढून किती वाढणार? मग मी जाहीर केलं, की ज्यांना वीज लागणारी कामं आहेत त्यांनी ती खुशाल हॉलमध्ये करावीत. मंडळाचं घर ते आपलं घर!

आता मराठी माणसाला फुकट म्हटल्यावर काय होतं, ते मी सांगायला हवं का?

दुसऱ्याच दिवशी तीन बायका डोशाचं पीठ वाटायचे ग्राइंडर घेऊन हजर. कुणी इस्त्री आणली, कुणी साड्यांचा ढीग आणला. तरण्या पोरांनी विजेवरच्या स्कूटर हॉलच्या दाराशी लावल्या आणि खिडकीतून वायरी आत सोडल्या. एका सुनेने भाताचा कुकर आणला, दुसरीने मिक्सर, आणि चटणी वाटता वाटता दोघींचं जन्मभराचं भांडण मिटलं. ज्यांना मी वर्षानुवर्षं वर्गणीच्या पावतीवरच भेटलो होतो ती माणसं रोज यायला लागली. बिसीबेळे भात व्हायला लागला. चिकपेटला दुकान असलेले आमचे खजिनदार, जे गणपतीलाही आरतीपुरतेच येतात, ते येऊन स्टेजवर दुपारची झोप काढायला लागले.

खरं सांगू? मला मजा यायला लागली. पत्रा तसाच तापत होता, घाम तसाच गळत होता, पण एवढा भरलेला हॉल मी लहानपणानंतर बघितलाच नव्हता. मीटरची चकती गरागरा फिरत होती आणि मी तिच्याकडे पोटच्या पोराच्या कौतुकाने बघत होतो.

आणि मग मॅडम यायचा शनिवार उजाडला.

मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, गेटवर मॅडम दिसल्या की एकूण एक वस्तू चालू. गोदाक्कांनी भजन सुरू करायचं, तीनही ग्राइंडर फिरायला लागायचे, इस्त्र्या तापायच्या, कुकर लागायचे. मॅडमना बघताक्षणी कळलं पाहिजे की इथे वीज पाण्यासारखी वाहतेय!

गेट वाजलं. मी हात वर केला. सगळं चालू झालं. काय तो आवाज! टाळ, ग्राइंडर, मिक्सर, चार पंखे!

काव्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. तरुण मुलगी, पाठीला बॅग. आजूबाजूला बघून त्यांनी मला विचारलं, "सर, भजनाच्या वेळी हे ग्राइंडर?"

आता काय सांगणार? तोंडाला येईल ते इंग्रजीत ठोकून दिलं, "मॅडम, ही आमची जुनी मराठी परंपरा. आमच्यात भजनाला ग्राइंडर लागतोच."

आणि बायकोकडे वळून मराठीत दबक्या आवाजात म्हटलं, "सुमन, ती आतल्या खोलीतली विजेची शेगडी पण लाव! हिला काय कळतंय!"

सुमनने शेगडी लावली.

फाट!

जुन्या बोर्डातून एक ठिणगी उडाली, आणि अख्खा हॉल गप्प. ग्राइंडर थांबले, पंखे थांबले, दिवे गेले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "करंट गेला." नशीब, फ्यूजच उडाला होता, बाकी काही जळलं नाही. त्या शांततेत काव्या मॅडम माझ्याकडे वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काका, मी निपाणीची. आमच्याकडं भजनाला टाळ-मृदंग लागतात बघा. ग्राइंडर कधी ऐकला नव्हता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? आमच्या हॉलची फरशी पक्की आहे. दुभंगली नाही.

"फोनवर मी सांगितलं होतं, जसा आहे तसाच ठेवा," त्या म्हणाल्या. "एवढं कमी बिल ऐकूनच मला कळलं होतं, इथं माणसांना बसवत नसणार. अशाच हॉलसाठी आमचे पैसे आहेत, काका. उकाड्यामुळं जे बंद पडायला आलेत त्यांच्यासाठी. आणि आता मी आले तर इथं डोशाचा कारखाना! मी वर जाऊन काय सांगू?"

डोळ्यांसमोर मला कुलूप दिसायला लागलं, चांगलं मोठं, गंजलेलं. माझ्याच हाताने मी ते लावलं होतं.

तेवढ्यात गोदाक्का म्हणाल्या, "बाळ, इकडं ये. वर जाऊन काय सांगायचं ते नंतर बघू. आधी माझ्याशेजारी बस, आणि एक अभंग होईपर्यंत उठू नको."

मॅडम बसल्या. पंखे बंद, वर पत्रा, दुपारचं ऊन. गोदाक्कांनी अभंग सुरू केला, आणि तोही सावकाश, एकेक ओळ दोनदा घेऊन. पहिल्या कडव्याला मॅडमनी बॅग उतरवली. दुसऱ्याला रुमाल काढला. तिसऱ्याला मात्र त्या डोळे मिटून बायकांबरोबर गायला लागल्या. त्यांची आजी हाच अभंग म्हणायची म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम होता असं मी सुमनला सांगितलं, तिने विश्वास ठेवला नाही.

अभंग संपल्यावर गोदाक्का म्हणाल्या, "बघितलंस? हे खरं. बाकी सगळा या गाढवाचा खेळ. हा मुळात असा नाही गं. दिवा जळताना बघितला की याला ताप येतो. आम्ही संडासात असलो तरी दिवा घालवतो हा! विचार कुणालाही."

मग काय! आठ-दहा बायका एकदम बोलायला लागल्या. जिला तिला स्विचण्णाचा आणि अंधाराचा स्वतःचा किस्सा होता. मॅडम पोट धरून हसल्या. त्यांनी बटणांवरची माझी पाटी वाचली आणि पुन्हा हसल्या.

"सरी," त्या म्हणाल्या, "मी परत येईन. तोवर ग्राइंडर घरी, स्कूटर घरी. आणि स्विचण्णांना त्यांचं काम करू द्या."

तुम्हाला सांगतो, माझ्या काटकसरीला एवढा मान आयुष्यात मिळाला नव्हता! मी दुप्पट जोमाने बटणं बंद केली. मॅडम परत आल्या, मीटर बघितला, पत्र्याखाली पुन्हा बसल्या, आणि पैसे मंजूर झाले. दसऱ्यानंतर काम सुरू झालं. वायरिंग नवं, पत्र्यावर पांढरा रंग, आतून छत, गुपचूप फिरणारे पंखे. चारही पंखे लावले तरी जुन्या दोन पंख्यांएवढीही वीज खात नाहीत, असं ऐकल्यावर मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने बघितलं.

आणि सवय कशी सुटणार लोकांची? ग्राइंडर घरी गेले, पण माणसं यायची थांबली नाहीत. खजिनदार अजून दुपारी स्टेजवरच झोपतात.

यंदाची रामनवमी आमच्याच हॉलमध्ये झाली. गच्च भरलेला हॉल आणि काय तो गारवा! गोदाक्कांनी शाल मागितली, शाल! पाळणा झाला. निपाणीची पोरगी पहिल्या रांगेत बसून टाळ वाजवत होती. मी तीन पेले पानक प्यायलो आणि समाधानाने जरा संडासात जाऊन आलो. म्हणजे, जायला गेलो.

आत बसलो आणि दोन मिनिटांत दिवा गेला.

काळोख! हाताला हात दिसेना. मी ओरडलो, "अरे, कोण आहे रे तो मेला? लावा दिवा! मी आहे आत!"

बाहेरून गोदाक्कांचा आवाज आला. शांत, तृप्त, वर्षानुवर्षं वाट बघून पिकलेला.

"श्रीधरा, कुणी हात नाही लावला रे. नवा दिवा आहे तो. आत कुणी हललं नाही की आपला आपण बंद होतो. तुझीच पाटी आता त्याला चिकटवलीय आम्ही."

"मग आता मी काय करू?"

"हात हलव!"

तर मंडळी, बाहेर रामजन्माचा गजर चालला होता, आणि मंडळाचे माननीय सेक्रेटरी आत काळोखात बसून दोन्ही हात वर करून नाचवत होते. दिवा लागला. मी हात खाली घेतले.

तो पुन्हा गेला.