दिवा दिसला नाही, तर लाल

आमच्या हिच्या मामांनी मला जितके धक्के दिले, तितके आमच्या जुन्या गीझरनेही दिले नाहीत. आणि गीझर निदान उन्हाळ्यात तरी बंद असायचा. मामा बारमाही होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढून ते रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी आले, तेव्हा आता हा माणूस तलावाकाठी फिरेल, पेपर वाचेल, असा आमचा भाबडा समज होता. पण सिग्नलवाल्यांचा एक नियम असतो: दिवा दिसला नाही, तर तो लाल आहे असं समजून गाडी थांबवायची. विझला असेल, धुकं असेल, ती चौकशी नंतरची. निवृत्त होताना मामांनी खात्याचं बाकी सगळं परत केलं, हा नियम मात्र घरी आणला. दूधवाल्याने एकदा राम राम केला नाही, तर त्या दिवशीचं दूध दारातूनच परत गेलं. डॉक्टरने खुर्चीत बसता बसता घड्याळ पाहिलं, म्हणून अंगात एकशे दोन ताप घेऊन मामा दवाखान्यातून तसेच घरी आले. माझं स्थळ पाहायला आले होते तेव्हा मी दार उघडायला जरा वेळ लावला, तर उंबरठ्यावरच मामींना म्हणाले, ‘‘हे नाही जमत. चाला.’’ मामींनी त्यांना दंडाला धरून आत आणलं नसतं, तर आज मी हे लिहायला बसलो नसतो, किंवा फार सुखात लिहीत बसलो असतो.

असा माणूस साठी उलटल्यावर संगणक शिकला आणि मग आमची धडगत राहिली नाही. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर भराभर ओळी धावतात. तुम्ही-आम्ही तेवढ्यात चहाचा घोट घेतो. मामा त्या वेळी उभे राहायचे. कोणी बोलायचं नाही, मामींनी कुकर लावायचा नाही. मोबाइलवर त्या ओळींचं चित्रीकरण करायचं आणि मग चष्मा कपाळावर सरकवून ते संथ लावून एकेक ओळ वाचायची. ‘‘मशीन खरं बोलते ते एवढंच, जवाईबापू,’’ ते मला सांगायचे. ‘‘मंग जे रंगीत चित्र येते नं, ते दाखवाचं असते.’’ नवल म्हणजे बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं. पंख्यातली काळी धूळ बोटावर घेऊन मशीन सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून आली आहे हे ते ओळखायचे, आणि ती कशाने मेली हे त्या ओळींच्या पहिल्या पानावर. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक डॉक्टरआधी त्यांच्याकडे यायचे, संगणकासाठी म्हणतोय मी.

राजधानी नव्या रायपुरात सरकली तसं माझं कार्यालयही तिकडे गेलं, आणि तिथे चाळीस नवे संगणक घ्यायचे ठरले. अट एकच होती: प्रत्येकात सुरक्षा चिप हवी. संगणक सुरू होताना त्यातली प्रणाली अगदी आधी विचारते, चिप आहे का? असली, तर पुढे काय काय सुरू झालं याची नोंद त्या चिपमध्ये पक्की होत जाते, मधे कोणी लबाडी केली तर ती लपत नाही. नसली, तर तशी एक ओळ लिहून प्रणाली चिपवाचूनच पुढे चालू लागते. मशिनी पुरवणार होती गुढ़ियारीतली एक मुलगी. आईबाप अमरावतीकडचे, घरी मराठी, पण ही उत्तर देणार हिंदीत. नोकरी सोडून तिने दुकान टाकलं होतं आणि हे तिचं पहिलंच सरकारी काम. माल नापास झाला असता तर तिचं नाव काळ्या यादीत जाऊन दुकानाला कुलूप लागलं असतं. तपासणीला बाहेरचा जाणकार हवा होता. मी मोठ्या ऐटीत मामांचं नाव सुचवलं.

आमच्या संगणक शाखेने सगळ्या मशिनींत आपली प्रणाली भरून ठेवली होती. मामांनी पहिली मशीन सुरू केली. पहिल्याच पानावर ओळ आली: चिप सापडली नाही. दुसरीतही तेच. चाळिसावीतही तेच. मी हादरलो. ती मुलगी पांढरीफटक पडली. ‘‘अंकल जी, चिप है. मैंने खुद खोल के देखी है.’’

‘‘दिसली नाही म्हंजे नाही,’’ मामा म्हणाले, आणि चाळीस कागदांवर चाळीस वेळा ‘नापास’ लिहून पेनाचं टोपण लावलं.

रविवारी मी बूढ़ापाऱ्यात मामांकडे बसलो होतो, तर ती मुलगी नापास मशिनींतली एक स्कूटरवर बांधून दारात हजर. डोळे सुजलेले. ‘‘बस एक बार, अंकल जी. पूरा पढ़ लीजिए, नीचे तक.’’ मामींनी तिला पाणी दिलं आणि मामांकडे असं काही पाहिलं की ते मुकाट्याने उठले. मशीन लागली, चित्रीकरण झालं, मामा वाचू लागले. ती ओळ आली आणि सवयीने त्यांचं बोट थांबलं.

‘‘काहून थांबले?’’ मामी म्हणाल्या. ‘‘खाली अजून लिवलं आहे नं.’’

बोट खाली सरकलं. जेमतेम सेकंदाच्या अंतरावर, दुसऱ्या पानावर, स्वच्छ लिहिलेलं होतं: चिप आहे.

मामांनी ते चित्रीकरण अकरा वेळा पाहिलं. मग त्यांना उलगडलं. चिपशी बोलणारा प्रणालीतला जो भाग, तो जागा व्हायच्या आधीच आमची प्रणाली प्रश्न विचारून मोकळी होत होती. मशिनी ठणठणीत होत्या. प्रश्नच आधी विचारला जात होता.  चष्मा काढून पुसत ते म्हणाले, ‘‘दिवा नाही दिसला तं मी गाडी थांबवत होतो, जवाईबापू. पन थांबवल्यावर पाहाले मानूस पाठवत होतो. इथं मी मानूसच नाही पाठवला.’’

सोमवारी ते माझ्याबरोबर कार्यालयाच्या बसने आले. बैठकीत उभं राहून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र वाचलं: चूक माझी, मशिनी चांगल्या आहेत, प्रणालीतला क्रम तेवढा बदला. मग वळून, भर बैठकीत, नातीच्या वयाच्या त्या मुलीपुढे हात जोडले. ‘‘बाई, माह्यं चुकलं.’’ ती रडायलाच लागली. आमचे साहेब खुर्चीत चुळबुळले, कारण क्रम चुकवणारी शाखा त्यांचीच होती.  आपली चूक अशी कागदावर लिहून, सही करून देणारा माणूस मी सरकारी इमारतीत त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मशिनी पास झाल्या. शाखेने क्रम बदलला. मुलीचं दुकान आता छान चालतं. आणि महिनाभराने साहेबांनी मला बोलावून सांगितलं, पुढच्या वेळी एखादा तरुण माणूस पाहा, हे फार लिहितात. मी हो म्हणालो. तपासणीच्या जाणकारांच्या यादीतलं मामांचं नाव मी माझ्याच पेनाने खोडलं. त्याची मला लाज वाटते, अजून वाटते.

दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जातो. फराळाची बशी पुढे येते, आणि मामा हळूच विचारतात, ‘‘नव्या मशिनी आल्या का हो, जवाईबापू?’’

‘‘नाही आल्या, मामा,’’ मी म्हणतो. तोवर दोन खेपा येऊन गेलेल्या असतात.

‘‘हव,’’ एवढंच म्हणून ते चिवडा माझ्याकडे सरकवतात. त्यांना माझं खरं वाटतं, की माझी लाज राखायला ते तसं दाखवतात, हे विचारायची माझी छाती होत नाही.