शेपूटवाले सर

"शेपूट कुठंय?" असं म्हणून ते कानामागे पंजा धरायचे आणि छताकडे बघत उभे राहायचे. समोरचा माणूस घामाघूम झाल्याशिवाय पंजा खाली यायचा नाही.

शेपूट म्हणजे इंग्रजी क्रियापदाला भूतकाळात लागणारं 'ईडी'. सातपूरच्या आमच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. ती थेट आम्हा सुपरवायझर लोकांशी बोलणार, म्हणून कंपनीने हे निवृत्त मास्तर आणले. शनिवारी पाळी सुटली की कॅन्टीनची टेबलं सरकवून आम्ही बसायचो आणि घोकायचो. चेक, चेक्ड, चेक्ड. क्लीन, क्लीन्ड, क्लीन्ड. मग काळ बदलत जायचं: आय क्लीन, ही क्लीन्स, आय क्लीन्ड, आय हॅव क्लीन्ड, आय विल क्लीन.

"गो-वेन्ट तुमच्या नशिबात नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "जी क्रियापदं सरळ वागतात, तेवढी शिका. तीही तुम्हाला जड जाणार आहेत."

पोरांवर ओरडणारे मास्तर तुम्ही खूप पाहिले असतील. हे बाप्यांवर ओरडायचे. आमच्या कॅन्टीनचा चहा त्यांनी कधी घेतला नाही; घरून थर्मास आणायचे. खुर्चीवर बसण्याआधी ती रुमालाने पुसायचे, आणि ती आम्ही वापरतो म्हणून पुसतोय हे कळेल अशा बेताने पुसायचे.

वेल्डिंगच्या जाधवांची मुलगी बारावी झाली. त्यांनी पेढे आणले आणि मोठ्या हौसेने सरांना इंग्रजीतून म्हणाले, "सर, माय डॉटर पास ट्वेल्थ." सरांनी पेढा हातात घेतला आणि दुसरा हात कानामागे नेला. जाधव 'पास्ड' म्हणेपर्यंत पेढा तोंडात गेला नाही. अभिनंदन तर राहिलंच. त्या शनिवारी मी पहिल्यांदा त्यांना मनातल्या मनात शिवी दिली. नंतर सवयच लागली.

पण खरा डंख बसला तो आप्पांना. आप्पा नामपूरकडचे, पॅकिंगला होते, आमच्यात सर्वांत वडील. 'पॅक्ड' त्यांच्या तोंडातून 'पॅकेड' असंच यायचं. सरांनी त्यांना उभं केलं आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "मनी जीभ नही वळस, सर."

"मग नामपूरला जाऊन कांदे निवडा," सर म्हणाले. "कांद्याला भूतकाळ विचारत नाहीत."

कोणी हसलं नाही. आप्पा खाली बसले ते तास संपेपर्यंत टेबलाकडेच बघत होते. बाहेर पडताना मी म्हणालो, "आप्पा, मी बोलू का त्यांच्याशी?" ते म्हणाले, "कुत्र्याशी कोण भांडंल?"

तपासणी जवळ आली तसे आमचे प्लँट मॅनेजर स्वतः वर्गात आले. हातात प्रश्नोत्तरांचे कागद होते. सरांना म्हणाले, "आता एवढंच पाठ करून घ्या." माझ्या वाट्याला मेन्टेनन्सचे प्रश्न आले. जड माल उचलणाऱ्या आमच्या क्रेनची लोड टेस्ट केली का, याचं उत्तर लिहून दिलं होतं: 'वी टेस्टेड द क्रेन.' मी उभा राहून वाचलं. शेपूट बरोबर लागलं होतं.

सर कधी नव्हे ते साध्या आवाजात म्हणाले, "केली होती का टेस्ट?"

मी मॅनेजरांकडे पाहिलं. उत्पादन थांबवायचं नाही म्हणून टेस्ट पुढे पुढे ढकलली गेली होती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. "नाही सर," मी म्हणालो.

"मग बसा खाली."

"सर, उत्तराचं इंग्रजी बघा फक्त," मॅनेजर म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

"इंग्रजीच बघतोय. जे झालं नाही त्याला शेपूट लागत नाही."

"तुम्हाला शिकवायला बोलावलंय, चौकशीला नाही."

आम्हाला वाटलं, आता हा शेपूट घालणार. आमच्यावर गुरगुरणारी माणसं साहेबापुढे काय करतात ते आम्ही जन्मभर पाहिलेलं. सरांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, रुमालाची घडी खिशात घातली. दारात थांबून आमच्याकडे वळले. चांगलं काही बोलतील असं क्षणभर वाटलं. म्हणाले, "मूर्खांनो, पाठ काय करता असलं? वाचून तरी बघा काय म्हणताय ते." आणि गेले. पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

मी सगळ्यांदेखत 'नाही' म्हणून बसलो होतो. ते आता गिळता येईना, मला आणि मॅनेजरांनाही. दोन दिवसांनी खालची जागा रिकामी करून क्रेनला टेस्टचं वजन लावलं. वजन वर गेलं, थांबलं आणि ब्रेक घसरला. फरशीला खड्डा पडला. जिथे पडला तिथे एरवी आप्पांची माणसं पेट्या भरत उभी असतात. आप्पांनी तो खड्डा बघितला आणि पाणी प्यायला गेले.

नंतर एक तरुण मॅडम शिकवायला आल्या. त्या आमच्याबरोबर चहा घेतात आणि चुकलं तरी 'व्हेरी गुड' म्हणतात. शनिवारी आता कोणी दांडी मारत नाही.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीच्या भाजीबाजारात सर दिसले. मेथीवाल्या बाईशी तावातावाने भांडत होते. जुडी सुकलेली आहे, तिने सकाळपासून गिऱ्हाइकाला फसवायचा धंदा मांडलाय, वगैरे. मी पुढे झालो. त्यांनी ओळखलं असावं, पण तसं दाखवलं नाही.

"सर, क्रेनची टेस्ट घेतली आम्ही. ब्रेक घसरला. वजन खाली आलं."

ते बाईला सोडून माझ्याकडे वळले. "खाली कोण होतं?"

"कोणी नाही."

त्यांचा हात मेथीच्या ढिगावर टेकला आणि तसाच राहिला. बाई म्हणाली, "आजोबा, घेताय का?"

"दे," ते म्हणाले.

"कोणती?"

"तीच."

सुकलेली जुडी पिशवीत टाकून ते रिक्षांच्या गर्दीत शिरले. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि आजही आवडत नाही. पण ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथून हललो नाही.